आधी टेक झेलायला शीक

अगं, गाणं शिकायचं म्हणजे रोज बस धरायची, महू गाठायचं, तिथून इंदूर, असं तू मनाशी पक्कं करून बसली आहेस. आई-बाबा नको म्हणाले की हिरमुसतेस. इंदूर अमीर खांसाहेबांचं गाव. तिथे रागदारी शिकायला मिळाली तर जरूर शीक, मी नाही म्हणणार नाही. पण तुझं बोलणं ऐकताना मला वाटतं, तुला एकटीनं तानपुरा लावून बसायचंच नाहीये. तुला चार जणांत बसून गायचंय, हातात काहीतरी वाजवायचंय. त्यासाठी घाईनं लांब जाऊ नकोस. आपण माळव्यात राहतो गं. इथे गावोगाव कबीराची भजनं गाणाऱ्या मंडळ्या आहेत आणि त्यांच्यासारखी शाळा दुसरी नाही.

मानपूरच्या आसपास चौकशी कर. कार्तिकी पौर्णिमेला जानापावला जत्रा भरते, तिथे खेड्यापाड्यांतली माणसं येतात. कुणाच्या गावात मंडळी बसते, कुठल्या दिवशी बसते, हे त्यांनाच विचार. त्यांच्यापैकी बहुतेक जण दिवसभर शेतात राबणारे किंवा मजुरी करणारे असतात. रात्री जेवणं आटोपली की पाच तारांचा माळवी तंबुरा निघतो. आपल्या तानपुऱ्यासारखा तो नुसता सूर धरत नाही, तालावर छेडला जातो. गाणारा एका हातानं तंबुरा छेडतो आणि दुसऱ्या हातात करताल वाजवतो. जोडीला ढोलक आणि मंजिरा. आधी ठेका न धरता साखी, म्हणजे दोहे, म्हणतात, मग भजन उचलतात.

तुला शिकायची पहिली गोष्ट भजन नव्हे, टेक. मुख्य गायक ओळ म्हणतो आणि बाकीचे ती झेलतात. पहिले काही महिने तू फक्त झेलायचंस. तुझा गळा गोड आहे, म्हणून लगेच पुढे बसवतील आणि तू सुखावशील. तरी बसू नकोस. मागे बस, मंजिरा धर. ढोलकवाला ठेका कधी वाढवतो, गायक श्वास कुठे घेतो, ओळ कुठे लांबवतो, हे अंगात भिनू दे. गर्दीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून नव्या मुली ओरडून गातात आणि गळा बसवून घेतात. शेजारणीचा आवाज ऐकू येईल इतकंच मोठ्यानं गा. तो ऐकू येईनासा झाला, तर तुझा चढलाय असं समज.

मोबाईलवर रेकॉर्ड करून घरी पाठ करायचा मोह होईल. शब्दांसाठी खुशाल कर, पण चालीसाठी नको. चाल दर बैठकीला थोडी वेगळी होते आणि तुला शिकायचंय ते त्या वेगळं होण्यातच आहे. आणि शब्दांचा अर्थ विचारायला लाजू नकोस. माळवी उच्चार आपल्या मराठी जिभेला जड जातात. म्हाताऱ्या गायकाकडून शब्द चार वेळा म्हणवून घे. त्यांना त्याचा आनंदच होतो.

उशीर झाला असंही तुला वाटतंय. उज्जैनकडच्या लुन्याखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया शाळामास्तर होते. तंबुऱ्याची ओढ त्यांना लागली ती चोविशीच्या आसपास, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कुमार गंधर्वांचं तर तुला ठाऊकच आहे. क्षय झाला म्हणून 1948 मध्ये ते देवासला आले, गायची मनाई झाली, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत माळव्याची लोकगीतं आणि रस्त्यानं जाणाऱ्या साधूंची भजनं कान देऊन ऐकत राहिले. पुढे त्यांनी गायलेलं निर्गुण त्या ऐकण्यातून आलं. इतक्या मोठ्या गवयाला जे ऐकावंसं वाटलं, ते तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

आता दूरची एक गोष्ट सांगते, कारण तिचा तुला आधार वाटेल. जुन्या अरबी संगीतात पाच-सहा वादकांचा छोटा मेळ असतो, त्याला तख्त म्हणतात. ऊद, कानून, नाय ही बासरी, व्हायोलिन आणि रिक नावाची छोटी डफली. सगळे एकच चाल वाजवतात, पण प्रत्येक जण तिला आपापली नक्षी काढतो आणि तरीही एकमेकांना सोडत नाही. याच संगीतातली इजिप्तची उम्म कुलसूम अरबी जगातली सर्वांत मोठी गायिका झाली. तिची सुरुवात कैरोच्या रंगमंचावर झालीच नाही. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका खेड्यात वडील लग्नसमारंभांतून धार्मिक गाणी म्हणायचे, त्यांच्या मेळात ती लहानपणी गाऊ लागली. मुलीनं चारचौघांत गाणं लोकांना रुचणार नाही, म्हणून वडील तिला मुलाचे कपडे घालून नेत. पुढे दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिचं गाणं रेडिओवर लागायचं, तेव्हा अरब देशांत लोक कामं सोडून ऐकत बसत. लोकांनी मागितलं की ती तीच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी निराळी करून म्हणायची. हे बळ लहानपणीच्या त्या मेळातलंच, असं मला वाटतं.

तुला मुलाचे कपडे घालावे लागणार नाहीत, पण अडचण आहेच. माळव्यातल्या मंडळ्यांत पुरुषच जास्त. भजनं रात्रभर चालतात. बाबांना न सांगता कधीही जाऊ नकोस. आधी एकदा त्यांनाच घेऊन जा. मराठी माणूस भजनाला नाही म्हणत नाही, ढोलक सुरू झाली की तेही बसतील. काकू किंवा मावशीला सोबत घे, परतीची गाडी ठरवून ठेव आणि ज्या बैठकीत दारू चालते तिथून सरळ उठून ये, कुणाला काय वाटेल याचा विचार करू नकोस. बायका गाऊ शकत नाहीत, असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस. शबनम विरमानींचं नाव सांग. कबीर गाणाऱ्यांवर चित्रपट करणारी ही बाई माळव्यातल्या गायकांकडूनच शिकली आणि आज स्वतः हाच तंबुरा घेऊन गाते.

दिवाळीनंतर कार्तिकी पौर्णिमेला जानापावला जा. बाबांना आजच सांगून ठेव, आणि त्यांनी ऐकलं नाही तर मला फोन लाव, मी बोलते त्यांच्याशी.