जठरपट्टा काढावा की ठेवावा? : वैद्याची भूमिका
स्थौल्यासाठी जठराच्या ऊर्ध्वभागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसविलेले रुग्ण छर्दी, अम्लोद्गार, रात्रीचा कास अशा तक्रारी घेऊन येतात. अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळालेला हा पट्टा आता क्वचितच बसवितात. जुने मात्र अनेकांच्या उदरात आहेत.

या लक्षणांना आम्ही केवळ अम्लपित्त मानीत नाही. पट्टा सरकणे वा जठरभित्तीत रुतणे आधी वगळावे. तोवर वमनकर्म वर्ज्य. मोठ्या गुटिका टाळाव्यात. तीव्र उदरशूल असल्यास किंवा पाणीही टिकत नसल्यास रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

पट्ट्यातील द्रव काढूनही उपशम न झाल्यास तो काढण्याचा विचार व्हावा. रुतलेला पट्टा काढणेच हितकर. वजन पुन्हा वाढण्याची रुग्णाची भीती रास्त आहे. म्हणून पथ्य व व्यायाम यांची आखणी शस्त्रक्रियेपूर्वीच करावी. आपले खरे कार्य तेथे आहे.