तापल्यावर मंदावणारे इंजिन
विहिरीवरील डिझेल इंजिन सकाळी जोमाने चालते आणि अर्ध्या-पाऊण तासाने त्याचे फेरे मंदावतात, अशी तक्रार वारंवार येते. अशा वेळी लगेच इंजिन खोलू नये. प्रथम डिझेलच्या टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणावरील हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजले असल्यास डिझेल नीट उतरत नाही. आपण मात्र दोष उष्णतेला देतो! झाकण सैल करूनही जोर येत नसेल, तर इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार पाहावी. धार बारीक व पाणी कढत असल्यास सिलिंडरभोवतीच्या पोकळीत गाळ अथवा क्षार साचले असण्याचा संभव असतो. इंजिन थांबवून निवू द्यावे व मगच पोकळी साफ करावी. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी सोडल्यास हेड तडकण्याची भीती असते.