लवंग तेलाचा बोळा

गौरीजेवणाच्या आदल्या रात्री माझी खालची दाढ ठणकायला लागली. घरात पाहुणे, पुरण शिजायचं होतं आणि दातांचा दवाखाना सणामुळे बंद. फडताळात लवंग तेलाची बाटली होतीच. कापसाचा बोळा भिजवून दाढेत धरला. थोड्याच वेळात ठणका उतरला. मग दिवसातून चार-पाच वेळा तेच सुरू झालं. तिसऱ्या दिवशी दुखणं पार थांबलं. मी जाऊबाईंना ऐटीत सांगितलं, "बघा, डॉक्टरचे पैसे वाचले!"

पाचव्या दिवशी सकाळी गाल टम्म सुजला होता. अंगात ताप, तोंडात दोन बोटंही जाईनात. तेल लागलेली हिरडी पांढरी पडून सोलली होती. दवाखान्यात एक्स-रे काढल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "काकू, दाढ बरी झाली नव्हती. आतली नस मेली, म्हणून दुखायचं थांबलं. जंतू मुळाखाली उतरलेत." पू काढावा लागला, अँटिबायोटिक घ्यावं लागलं, पुढे रूट कॅनालही झालं.

तेल खोटं होतं का? नाही. लवंग तेलात मुख्य घटक युजेनॉल. ते जंतूच्या स्निग्ध आवरणात शिरतं, आवरण गळकं होतं आणि आतला ऐवज बाहेर झिरपतो. ओव्यातलं थायमॉलही असंच काम करतं. मात्रा जंतू मारण्याइतकी नसली, तरी काही जंतूंची चिकट थर धरून बसण्याची ताकद कमी होते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण तिथल्या काचेच्या बशीत तेल थेट जंतूंवर पडतं. माझे जंतू दाढेच्या मुळाशी, हाडाच्या आत दडले होते. बोळ्यातलं तेल तिथवर पोचणारच नव्हतं. ते पोचत होतं हिरडीपर्यंत, आणि आपल्या पेशींचं आवरणही स्निग्धच असतं. शिवाय युजेनॉल बधिरता आणतं. आधी तेलाने ठणका दाबला, मग नस मेली. दोन्ही वेळा मला वाटलं, गुण आला.

गंमत म्हणजे डॉक्टरांनी दाढ साफ करून जे तात्पुरतं सिमेंट भरलं, त्याला लवंगेचाच वास! झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून ते करतात. औषध तेच, पण कीड काढल्यानंतर, मोजून आणि नेमक्या जागी.

म्हणून ठेच खाऊन शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

लवंग, ओवा, निलगिरी, टी ट्री, कोणतंही अर्क-तेल निव्वळ लावू नका. लवंग तेल दाढेला लावायचंच तर चमचाभर खोबरेल तेलात थेंब-दोन थेंब मिसळून, तेही दवाखाना उघडेपर्यंतच. हिरडी चुरचुरली तर लगेच चूळ भरा.

ही तेलं पिऊ नका आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. लवंग तेल पोटात गेल्याने लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाली आहे. निलगिरी तेलाने झटके आले आहेत. मुलाने प्यायलं तर उलटी करायला लावू नका, बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या अँटिबायोटिकऐवजी तेल वापरू नका. आणि घरात उरलेल्या जुन्या गोळ्याही मनाने घेऊ नका.

सूज, ताप, तोंड न उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर रात्र असली तरी थेट मोठं रुग्णालय गाठा; दाढेतला पू गळ्याकडे उतरला तर जिवावर बेततं.

लवंग तेलाची बाटली आजही माझ्या फडताळात आहे. एका रात्रीच्या ठणक्याला ती पुरते, त्यापुढे नाही. तेव्हा ठणका थांबला, तरी दाढ दाखवाच.