शेजाऱ्याला साखर कोण विकणार?

माझं गाव जानेफळ, मेहकर तालुक्यातलं. नोकरीचा मोठा काळ मात्र मॉरिशसमध्ये गेला, पोर्ट लुईच्या बंदरावर मालाची कागदपत्रं करण्यात. कोणत्या बेटावरून काय आलं, कुठे गेलं, भाडं किती पडलं, हे रोज नजरेखालून जायचं. बेटांनी एकत्र आल्याशिवाय विकास नाही, असं तिथल्या भाषणांत कायम ऐकू यायचं. ते खरंच आहे. पण कशासाठी एकत्र यायचं, याचं उत्तर मला त्या कागदांनी दिलं. आता गावी शेतकऱ्यांच्या गटाचं काम करताना तेच उत्तर रोज लागतं, म्हणून लिहितो.

१. लहान असण्याची किंमत भाड्यात मोजावी लागते.

मॉरिशसचं क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास; जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतच पंचवीस लाखांवर माणसं होती. एवढ्याशा देशाला स्वतःची मंत्रालयं, मध्यवर्ती बँक, विद्यापीठ, वकिलाती, सगळं चालवावं लागतं. त्यात भोवती समुद्र. रेयुनियों बेट सव्वादोनशे किलोमीटरवर, सेशेल्स सतराशेच्या पुढे. कंटेनर भरून आला आणि रिकामा परत गेला, की परतीचा खर्चही येणाऱ्या मालावरच चढतो. तो शेवटी तांदूळ, सिमेंट आणि औषधं घेणाराच भरतो.

२. सगळ्यांकडे एकच माल असेल तर आपसातला व्यापार वाढत नाही.

मॉरिशस, मादागास्कर आणि सेशेल्स यांनी १९८२ मध्ये पोर्ट लुईतच हिंद महासागर आयोगाचा पाया घातला. १९८६ मध्ये कोमोरोस आणि रेयुनियोंच्या वतीने फ्रान्स त्यात आले. पुढे २००० मध्ये पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या कोमेसा या संघटनेने मुक्त व्यापार सुरू केला, त्यात मॉरिशस आणि मादागास्कर पहिल्या दिवसापासून होते. जकात गेली, तरी माझ्या टेबलावर शेजारच्या बेटांचे कागद थोडेच असायचे. कारण उघड आहे. मॉरिशसमध्ये ऊस, रेयुनियोंमध्येही ऊस. मादागास्करची व्हॅनिला आणि लवंग, कोमोरोसचीही व्हॅनिला आणि लवंग. या सगळ्याचं गिऱ्हाईक दूर, बहुतेक युरोपात. साखरवाला साखरवाल्याला काय विकणार? जानेफळच्या सोयाबीनला शेजारच्या गावात गिऱ्हाईक नाही, कारण तिथल्याही अंगणात तोच ढीग असतो.

३. खरा लाभ मोठ्या गिऱ्हाइकासमोर एकत्र बसण्यात आहे.

ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने मॉरिशसच्या भवितव्याबद्दल फार निराश अहवाल दिला होता. वाढती लोकसंख्या, एकच पीक, त्यात वादळं. पुढे त्यांना नोबेल मिळालं, पण मॉरिशसबद्दलचा त्यांचा अंदाज तेवढा फोल ठरला. त्यामागे अनेक कारणं आहेत. त्यातलं एक १९७५ च्या लोमे करारात आहे. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधले देश युरोपशी एकत्र बोलायला बसले. साखरेच्या वेगळ्या करारात मॉरिशसला दरवर्षी सुमारे पाच लाख टनांचा कोटा हमीभावाने मिळाला. १९७० पासून निर्यातीच्या कारखान्यांना सवलती होत्याच. साखरेचा पैसा त्या कारखान्यांत, मुख्यतः कापडधंद्यात उतरला. याच उसासाठी कोकणातून गिरमिटावर गेलेल्या मजुरांचे वंशज आज तिथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात. त्या कष्टांना चांगला भाव यायला मात्र शंभराहून जास्त वर्षं लागली. तो भावही कायमचा नव्हता, २००९ मध्ये साखर करार संपला. मधल्या काळात मॉरिशसने दुसरे धंदे उभे केले होते, म्हणून तो तरला.

पॅसिफिकमधलं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं आहे. तिथल्या बेटांच्या समुद्रात ट्यूना मासा भरपूर, पण बोटी बाहेरच्या बड्या देशांच्या. पूर्वी एकेका बेटाशी वेगळा सौदा व्हायचा. नाउरू करारात (१९८२) आलेल्या आठ देशांनी पुढे मासेमारीचे दिवस ठरवून एकत्र विकायला सुरुवात केली. २०१५ मध्ये एका बोटीच्या एका दिवसाला किमान ८,००० डॉलर असा दर त्यांनी लावला. मासा तोच, समुद्र तोच. फक्त एकाला दुसऱ्याचा कमी भाव दाखवून दर पाडायची सोय गेली. आपल्याकडे खेडा खरेदीत काय चालतं हे ज्याने पाहिलंय, त्याला जास्त सांगायला नको.

४. एकट्याला न झेपणारं काम आधी वाटून घ्यावं.

२००५-०६ मध्ये चिकुनगुनिया कोमोरोसकडून बेटाबेटांवर पसरला. रेयुनियोंमध्ये जवळपास एक तृतीयांश लोक आजारी पडले. त्यानंतर हिंद महासागर आयोगाने साथरोगांवर एकत्र नजर ठेवणारं जाळं उभं केलं, कारण डासाला सरहद्द नसते आणि प्रत्येक बेटाला स्वतंत्र यंत्रणा परवडत नाही. पूर्व कॅरिबियनमधली बेटं १९८६ पासून सरकारी दवाखान्यांची औषधं एकत्र खरेदी करतात. मॉरिशस आणि सेशेल्स यांनी २०१२ मध्ये जे केलं त्याचं मला फार अप्रूप वाटतं. समुद्रतळाच्या जवळजवळ चार लाख चौरस किलोमीटर पट्ट्यावर दोघांचाही हक्क लागत होता. त्यांनी मध्ये रेघ ओढली नाही, दोघांनी मिळून तो सांभाळायचा करार केला. धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या भागात हे मी मुद्दाम सांगतो.

५. शेजाऱ्याच्या घरची आग आपल्या पगारापर्यंत येते.

मजुरी स्वस्त म्हणून मॉरिशसच्या कापड कारखानदारांनी मादागास्करमध्ये शिलाई हलवली. दोघांचाही फायदा होता. २००९ मध्ये तिथे सत्तापालट झाला, २०१० पासून अमेरिकेने करमुक्त आयातीची सवलत काढून घेतली आणि हजारो शिलाई कामगारांचं काम गेलं. शेजारी धड असणं हा आपल्या विकासाचाच भाग आहे.

६. मोठं नाव आधी घेऊ नये.

वेस्ट इंडीजच्या दहा वसाहतींनी १९५८ मध्ये संघराज्य केलं. जमैकाने १९६१ च्या सार्वमतात बाहेर पडायचं ठरवलं आणि १९६२ मध्ये ते मोडलं. त्याच भागातली औषधखरेदी मात्र आजही चालू आहे. तिचं काम ठरलेलं आहे, हिशेब उघडा आहे आणि फायदा दरवर्षी हातात पडतो.

७. आता जानेफळ.

उत्पादक कंपनीचा कायदा २००२ च्या दुरुस्तीने आला. दहा शेतकरी एकत्र आले तरी कंपनी नोंदवता येते. आमच्या आसपासच्या गावांत गट आहेत, आणि बैठकीत प्रत्येकाला आधी आपल्याच गावात तेलाची मिल हवी असते. माझं म्हणणं वेगळं आहे. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण खरेदीची अट १२ टक्के ओलाव्याची. त्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, ती दरवर्षी होईलच असं नाही. म्हणून पहिली सामायिक वस्तू वाळवणीची जागा, चाळणी, ओलावा मोजायचं यंत्र आणि खात्रीचा काटा ही असावी. दुसरं म्हणजे, ठरलेल्या भावाच्या खाली कोणत्याच गावाने माल सोडायचा नाही, असा लेखी ठराव. मेहकरला समृद्धी महामार्गावर चढता येतं, त्यामुळे साफ केलेल्या मालाचा भरलेला ट्रक लांबच्या मिलला थेट पाठवणं शक्य आहे. चार-दोन पोत्यांसाठी तो कोणी पाठवत नाही. दिवाळीच्या पैशाची नड असलेल्याला थांबता यावं म्हणून माल तारण ठेवून उचल मिळायची सोयही याच ठरावात हवी. ती नसेल तर पहिला माल त्याचाच सुटेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. ठरावाचा मसुदा मी गटांकडे दिला आहे. उचलीचं कलम कसं बसवायचं यावर सध्या आमचा वाद चालू आहे.