ठरवून लावलेली आग

वणवा लागला की तो विझवावा, एवढेच आपल्याला ठाऊक असते. अमेरिकेच्या वनखात्यानेही १९३५ साली तसाच दंडक घातला होता: आग दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. हेतू चांगला होता. पण तेथील नैर्ऋत्य भागातल्या पॉन्डेरोसा पाइनच्या जंगलांना तो मानवला नाही.

या झाडाची साल जाड असते. गवतातून सरकणारी बुटकी आग ते सहज सोसते. जुन्या खोडांतील वलयांवर आगीचे व्रण आढळतात. त्यांवरून अशी आग पूर्वी दर काही वर्षांनी येऊन जात असे, असे दिसते. ती विझवत गेल्याने वाळक्या सुया, फांद्या आणि दाटीने उगवलेली रोपे साठत राहिली. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर थकलेल्या कर्जावर चक्रवाढ व्याज चढले. मग ठिणगी पडताच रोपांच्या शिडीवरून आग शेंड्याला पोचते, आणि तिथे जाड सालीचा काही उपयोग नसतो. हॅरल्ड वीव्हर या वनाधिकाऱ्याने १९४३ सालीच हे मांडले होते. दहा वाजताचा दंडक मात्र १९७८ पर्यंत टिकला.

उपाय म्हणजे हे इंधन आगीनेच कमी करणे. वारा, हवेतील दमटपणा, सुयांची ओल, हाताशी असलेली माणसे व पाणी यांच्या मर्यादा आधी लिहून ठेवतात. आकडे जुळले नाहीत तर त्या दिवशी काडी ओढायची नाही. कडेने माती उघडी पडेपर्यंत पट्टा साफ करतात, थोड्या जागेत पेटवून ज्वालेची चाल पाहतात. वारा ज्या बाजूला वाहतो त्या टोकाकडून पेटवली की आगीला वाऱ्याविरुद्ध चालावे लागते. ती बुटकी आणि संथ राहते. (आपल्याकडे राब भाजणारा शेतकरीही वाऱ्याकडे पाहूनच काडी लावतो.)

एवढे करूनही जोखीम उरतेच. ६ एप्रिल २०२२ रोजी न्यू मेक्सिकोत वनखात्याने लावलेली आग सोसाट्याच्या वाऱ्याने हाताबाहेर गेली. जवळच जानेवारीत पेटवलेले लाकडांचे ढीग बर्फाखाली धुमसत राहिले होते. तेही एप्रिलमध्ये भडकले. दोन्ही वणवे एकत्र येऊन ३,४०,००० एकरांहून अधिक प्रदेश जळाला. शेकडो घरे गेली, आणि नंतरच्या पावसात राख-गाळाने जुन्या स्पॅनिशभाषक गावांचे पाट बुजले. खात्याने देशभर असे जाळणे तीन महिने थांबवले.

जाळणे कायमचे बंद करावे असे मला वाटत नाही. त्याने कर्ज फिटत नाही, वाढते. माझा आक्षेप हिशेबावर आहे. फायदा साऱ्या जंगलाचा, पण फसले तर पहिला तोटा शेजारच्या गावाचा. तिथे भरपाईचा कायदा झाला तो सप्टेंबर २०२२ मध्ये, आग विझल्यावर; त्यासाठी पुढे अब्जावधी डॉलर मंजूर करावे लागले. ही तरतूद काडी ओढण्यापूर्वीच्या आराखड्यात, वारा आणि दमटपणाच्या शेजारीच लिहिलेली असायला हवी होती.