ड्रायसूटला रिलीफ व्हॉल्व्ह कसा बसवतात?

थंड पाण्यात दोन-तीन तास राहणाऱ्या पाणबुड्याला मध्येच लघवी लागली तर तो काय करतो? वर्गात हा प्रश्न विचारला की हशा पिकतो. पण प्रश्न गमतीचा नाही. त्याच्या उत्तरात बॉइलचा नियम आहे, मूत्रपिंडाचे काम आहे, वर्कशॉपमधले हातकाम आहे आणि आपल्या रोजच्या परेडशी संबंध असलेली एक गोष्टही आहे. हे सगळे ज्या छोट्या वस्तूभोवती जमते तिचे नाव रिलीफ व्हॉल्व्ह. पाणबुडे त्याला पी-व्हॉल्व्ह म्हणतात.

ड्रायसूट म्हणजे काय?

पाणी शरीरातली उष्णता हवेच्या तुलनेत सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. म्हणून पाणबुड्याला पोशाख लागतो. आपल्याकडे मालवण, गोवा किंवा अंदमानच्या कोमट समुद्रात वेटसूट पुरतो. तो नियोप्रीनच्या रबराचा असतो. त्याच्या आत थोडे पाणी शिरते आणि अंगाच्या उबेने तापते.

नॉर्वे, स्कॉटलंड, कॅनडा अशा देशांत किंवा थंड पाण्याच्या खोल गुहांमध्ये वेटसूट कमी पडतो. तिथे ड्रायसूट घालतात. त्याच्या मानेला आणि मनगटांना लॅटेक्स किंवा सिलिकॉनच्या घट्ट पट्ट्या असतात, चेन पाणी आत न सोडणारी असते आणि आत उबदार कपडे घालता येतात. छातीवरच्या व्हॉल्व्हमधून सूटमध्ये हवा भरतात, डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून ती बाहेर सोडतात. थेंबभर पाणी आत येऊ नये अशी सगळी रचना असते.

अडचण इथेच आहे. बाहेरचे पाणी आत येत नाही, तसे आतले बाहेरही जात नाही. वेटसूटमध्ये लघवी झाली तर नंतर सूट धुतला की काम भागते. ड्रायसूटमध्ये झाली तर आतले उबदार कपडे भिजतात, आणि ज्या कोरडेपणासाठी हा सूट घातला तोच संपतो.

पाण्यात लघवी जास्त का लागते?

जमिनीवर उभे असताना बरेच रक्त पायांकडे उतरलेले असते. पाण्यात शिरल्यावर बाहेरच्या दाबामुळे ते छातीकडे सरकते. थंडीमुळे कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून आणखी रक्त आत ढकलले जाते. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि शरीराला वाटते की रक्तात पाणी जास्त झाले आहे. मग मूत्रपिंडांना जादा पाणी बाहेर टाकण्याचा संदेश जातो. प्रत्यक्षात पाणी जास्त झालेले नसते, फक्त त्याची जागा बदललेली असते. म्हणजे पाणबुड्याला वारंवार लघवी लागते आणि त्याच वेळी त्याच्या शरीरातले पाणीही कमी होत जाते.

यावर काही पाणबुडे एक सोपा वाटणारा उपाय करतात. डायव्हच्या आधी पाणीच पीत नाहीत. हा उपाय धोक्याचा आहे. खोलवर श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर येताना तो सावकाश बाहेर पडावा लागतो, नाहीतर त्याचे बुडबुडे होतात. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. शरीर कोरडे पडले असेल तर हा धोका वाढू शकतो, असे डायव्हिंगचे डॉक्टर बजावतात. दुसरा उपाय मोठ्या माणसांच्या डायपरचा. तो छोट्या डायव्हला चालतो, पण त्याची धारणशक्ती मर्यादित असते.

बंद पोशाखाची ही अडचण अंतराळवीरांनाही आली. ५ मे १९६१ रोजी अमेरिकेचा पहिला अंतराळवीर ॲलन शेपर्ड याचे उड्डाण फक्त १५ मिनिटांचे होते, म्हणून सूटमध्ये लघवीची सोय केलेली नव्हती. उड्डाण लांबले, तो कॅप्सूलमध्ये काही तास अडकून पडला आणि शेवटी परवानगी घेऊन त्याला सूटमध्येच लघवी करावी लागली. यंत्र तयार होते, पण माणसाच्या गरजेचा हिशोब राहून गेला होता.

व्हॉल्व्हच्या आतले विज्ञान

रिलीफ व्हॉल्व्हची कल्पना साधी आहे. रुग्णालयात पुरुष रुग्णांना बाहेरून बसवतात तसली सिलिकॉनची टोपी, म्हणजे एक्स्टर्नल कॅथेटर, पाणबुडा सूटच्या आत लावतो. स्त्रियांसाठी वेगळ्या आकाराचा, वैद्यकीय गोंदाने चिकटणारा कप मिळतो. त्याला नळी जोडतात आणि नळीचे दुसरे टोक मांडीवरच्या व्हॉल्व्हला. व्हॉल्व्हमध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप असते, त्यामुळे लघवी बाहेर जाते पण समुद्राचे पाणी आत येत नाही. वर फिरवून बंद करायचे झाकणही असते.

आता बॉइलचा नियम पाहू. तापमान तेच असेल तर दाब दुप्पट झाल्यावर हवेचे आकारमान निम्मे होते. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे १ बारने वाढतो. नळीत ४० मिलिलिटर हवा आहे असे धरा. १० मीटरवर दाब २ बार, म्हणून हवा २० मिलिलिटर. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणून फक्त १० मिलिलिटर. नळी सगळीकडून बंद असेल तर आक्रसणारी हवा टोपीला आणि नाजूक कातडीला आत ओढते. याला स्क्वीझ म्हणतात. त्यामुळे खरीखुरी इजा होऊ शकते.

म्हणून बॅलन्स्ड प्रकारचा व्हॉल्व्ह निघाला. त्यात सूटमधली हवा नळीत येऊ देणारी एक छोटी वाट असते. पाणबुडा खाली जाताना सूटमध्ये हवा भरतोच. तीच हवा या वाटेने नळीत जाते आणि दोन्हीकडचा दाब सारखा राहतो. ही वाटही एकाच दिशेची असते, म्हणून लघवी सूटमध्ये येत नाही.

उंचीवरच्या सरोवरात हे गणित आणखी कडक होते. लडाखमधले पँगाँग सरोवर समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरपेक्षा उंच आहे. तिथे हवेचा दाबच सुमारे ०.६ बार असतो. १० मीटर खाली तो साधारण १.६ बार होतो. ४० मिलिलिटर हवेचे समुद्रात २० मिलिलिटर झाले असते, इथे १५ होतात. खोली तीच, स्क्वीझ मात्र जास्त.

व्हॉल्व्ह बसवण्याची पद्धत

माझे धाकटे काका नोकरीनिमित्त नॉर्वेत स्टॅव्हँगरला राहतात आणि सुट्टीत तिथल्या समुद्रात डायव्हिंग करतात. त्यांनी आपल्या सूटला स्वतः व्हॉल्व्ह बसवला. मागच्या सुट्टीत घरी असताना व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला एकेक पायरी समजावली. त्यांचा सूट ट्रायलॅमिनेट कापडाचा आहे, म्हणजे मध्ये रबराचा पातळ थर आणि दोन्ही बाजूंना विणलेले कापड. ज्याने सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढले आहे त्याला यातले निम्मे काम लगेच कळेल.

१. जागा ठरवणे. सूट आतल्या उबदार कपड्यांसह अंगात घालूनच खूण करायची. टेबलावर पसरलेल्या सूटवर केलेली खूण अंगावर भलतीकडे जाते. जागा मांडीच्या वरच्या भागात, किंचित आतल्या बाजूला. बसून, वाकून, गुडघे टेकून पाहायचे. हात तिथे सहज पोहोचला पाहिजे. खिसा, शिवण आणि पट्टे यांच्यापासून ती दूर हवी.

२. ठिगळ लावणे. भोकाभोवती कापड फाटू नये म्हणून आतून गोल ठिगळ लावतात. जागा अल्कोहोलने पुसायची, काचपेपरने हलकी खरवडायची, दोन्ही बाजूंना सोल्यूशनचा पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचे, दुसरा हात द्यायचा आणि मग दाबून चिकटवायचे. त्यानंतर पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. काका म्हणाले, ‘सगळ्यात अवघड पायरी हीच. थांबणे!’

३. भोक पाडणे. ठिगळ आधी, भोक नंतर, म्हणजे दोन्ही थरांची भोके तंतोतंत जुळतात. पायात लाकडाचा ठोकळा घालायचा, नाहीतर पंच मागच्या कापडातूनही आरपार जातो. भोक व्हॉल्व्हच्या आट्यांना घट्ट बसेल एवढेच ठेवायचे. लहान झाले तर मोठे करता येते, मोठे झालेले लहान करता येत नाही. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून कडा तापवलेल्या सोल्डरिंग आयर्नने हलकी शेकायची.

४. जोडणी. बाहेरून व्हॉल्व्ह, मग रबरी वायसर, सूटचे कापड, आतून सपाट वायसर आणि शेवटी नट. नट फिरवताना कापडही फिरून चुणी पडते. सपाट वायसर त्यासाठीच असतो. हाताने घट्ट करून पान्याने थोडासाच पीळ द्यायचा. जास्त आवळले तर रबर चेपून बाहेर सरकते आणि गळती तिथूनच सुरू होते.

५. नळी. आतल्या कपड्यातून नळी जाण्यासाठी काजासारखे भोक करून त्याची कड शिवून घ्यायची. नळी फार लांब नको, आणि बसताना तिला मोड पडता कामा नये.

६. चाचणी. तीन चाचण्या होतात. पहिली हवेची. मानेत चेंडू आणि मनगटांत बाटल्या घालून सूट बंद करायचा, थोडी हवा भरायची आणि व्हॉल्व्हभोवती साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडे आले तर गळती आहे. दुसरी झडपेची. झाकण उघडे ठेवून तो भाग बादलीत बुडवायचा आणि आतून कोरडा आहे का ते पाहायचे. तिसरी प्रवाहाची. आतल्या नळीतून पाणी ओतायचे, ते विनाअडथळा बाहेर आले पाहिजे. यानंतर आधी स्विमिंग पूल, मगच समुद्र.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. सूट म्हणजे पाणबुड्याची ऊब आणि तरंगण्याची शक्ती. ५ अंशांच्या पाण्यात तो गळू लागला तर जिवावर बेतते. ज्याला सूटच्या दुरुस्तीचा अनुभव नाही त्याने हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

स्वच्छता

काम व्हॉल्व्ह बसवून संपत नाही. ओलसर नळीत जंतू वाढतात. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर रिचर्ड हॅरिस यांनी डायव्हिंग वैद्यकाच्या नियतकालिकात पी-व्हॉल्व्हमुळे होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग आणि दाबामुळे होणारी इजा यांवर लेख लिहिला. हे तेच हॅरिस, ज्यांनी २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत अडकलेल्या १२ मुलांना आणि त्यांच्या प्रशिक्षकाला भूल देऊन पाण्यातून बाहेर काढण्याच्या कामात मोठा वाटा उचलला. ते स्वतः गुहांमध्ये डायव्हिंग करतात. असा माणूस एका नळीच्या स्वच्छतेवर लेख लिहितो, यावरून तिचे महत्त्व कळते. प्रत्येक डायव्हनंतर नळी आणि व्हॉल्व्ह गोड्या पाण्याने धुवायचे, जंतुनाशक फिरवायचे, पुन्हा धुवायचे आणि टांगून पूर्ण वाळवायचे.

आपल्यासाठी काय?

आपल्यापैकी बहुतेकांना ड्रायसूट कधी घालावा लागणार नाही. पण ‘मध्येच लघवी लागेल’ म्हणून पाणी न पिण्याची सवय आपल्याकडेही आहे. परेडच्या किंवा क्रॉस-कंट्रीच्या सकाळी कितीतरी कॅडेट पाण्याचा घोटही घेत नाहीत. मग उन्हात तासभर सावधान उभे राहिल्यावर कोणीतरी चक्कर येऊन पडतो, आणि त्याला कमजोर म्हणून चिडवले जाते. तो कमजोर नसतो, त्याच्या शरीरात पाणी कमी असते.

पाणबुड्यांनी या अडचणीवर तहान मारण्याचा मार्ग सोडून दिला आणि महागड्या सूटला भोक पाडायचे ठरवले. आपल्याला भोक पाडायची गरज नाही. फॉल-इनच्या आधी दहा मिनिटे मिळाली तर पाणी पिणे आणि बाथरूमला जाऊन येणे, दोन्ही होते. सेक्शन कमांडरनी ही दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि ज्युनियर कॅडेटनी ती मागायला लाजू नये.