मुंबई ते जेद्दाह : उड्डाणाचे तास आणि प्रवासाचे तास

आपल्यातील अनेक तरुण विमान तिकिटांच्या व उमराह टूरच्या व्यवसायात उतरत आहेत. ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, "किती तास लागतात?" या प्रश्नाचे खरे उत्तर देता येणे, हे या धंद्याचे निम्मे भांडवल होय.

अंतर व उड्डाण : मुंबई ते जेद्दाह हे हवाई अंतर सरळ मापाने सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. १९९५ साली हजची जहाजे बंद झाली. तोपर्यंत समुद्रमार्गे एका बाजूच्या प्रवासाला १२ ते १५ दिवस लागत. थेट विमानाला जाताना सुमारे पाच ते साडेपाच तास लागतात. येताना वेळ थोडा कमी लागतो. कारण उंचावरील वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात व हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. हे वारे जाताना समोरून येतात, येताना पाठीशी असतात.

घड्याळाचा फरक : भारताचे घड्याळ सौदीच्या अडीच तास पुढे आहे. तिकिटावर त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. समजा, विमान मुंबईहून सकाळी १० वाजता निघाले व साडेपाच तास उडाले, तर जेद्दाहला दुपारचा १ वाजलेला असेल. वरवर पाहणाऱ्यास प्रवास तीनच तासांचा वाटेल. म्हणून जाताना तिकिटावरील फरकात अडीच तास मिळवावेत, येताना तेवढेच वजा करावेत.

थेट की विमान बदलून? : मुंबई-दुबई सुमारे १,९३० व दुबई-जेद्दाह सुमारे १,७०० किलोमीटर. म्हणजे दुबईमार्गे अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटरने वाढते. मात्र तेथे सहा तास थांबावे लागले, तर एकूण वेळ दुपटीहून अधिक होतो. असे तिकीट पुष्कळदा स्वस्त असते. तरुण व्यापाऱ्याला ते परवडेल, पण गुडघेदुखीने बेजार झालेल्या वृद्ध आईला परवडेलच असे नाही.

घरापासूनचा हिशोब : चिपळूणच्या कुटुंबाचे उदाहरण घ्या. मुंबईपर्यंत रस्त्याने सहा-सात तास, विमानतळावर तीन तास आधी हजेरी, उड्डाण सव्वापाच तास, पासपोर्ट तपासणी व सामानासाठी दीड तास, पुढे मक्केपर्यंत आणखी दीड तास. बेरीज जवळपास १८ तासांची होते! औषधे, जेवण व विश्रांती यांची तयारी या १८ तासांची हवी, पाच तासांची नव्हे.

मालातील दोष ग्राहकापासून लपवू नये, ही इस्लामी व्यापाराची मूलभूत शिकवण आहे. तिकीट हाही मालच आहे व मध्येच सहा तास ताटकळणे हा त्यातील दोष. तेव्हा पैसे घेण्यापूर्वी थेट व बदलून जाणाऱ्या, अशा दोन्ही प्रवासांचे भाडे व एकूण तास कागदावर लिहून द्यावेत. निवड ग्राहकाला करू द्यावी. एखादे तिकीट हातचे जाईल, पण विश्वास राहील आणि विश्वासाने आलेला ग्राहक इन्शाअल्लाह आणखी चार जणांना घेऊन येईल.